अकरावीतलं मानसशास्त्र आणि पुराव्याची सवय

१. मनातलं ओळखता येतं का?

अकरावीला मानसशास्त्र घेतलं असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : म्हणजे आता आमच्या मनात काय चाललंय ते तुला कळणार का? याचं उत्तर एका शब्दात देता येतं : नाही. समोरच्याचा चेहरा पाहून त्याचे विचार वाचायची विद्या जगातल्या कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत. मग दुसरा प्रश्न येतो आणि तो अधिक अवघड आहे. मनातलं कळणार नसेल, तर हे शिकायचं कशासाठी? माणसं ओळखायला पुस्तक कशाला लागतं?

नंदाखालसारख्या गावात या दुसऱ्या प्रश्नाला चांगलीच धार येते. विरार स्टेशनच्या पश्चिमेला, आगाशी आणि बोळींजच्या शेजारचं हे गाव. सोळाव्या शतकात स्थापन झालेलं पवित्र आत्म्याचं चर्च, त्याच्या आसपास केळीच्या, फुलांच्या, भाजीच्या वाड्या, आणि घरात कादोडी बोलणारा सामवेदी ख्रिस्ती समाज. अशा गावात शेजारच्या घराची तीन पिढ्यांची हकिगत माहीत असते. कोण तापट, कोण हिशेबी, कुणाचा मुलगा कुणावर गेला, हे सांगायला कुणाला चाचणी घ्यावी लागत नाही. हे अनुभवातून आलेलं शहाणपण खोटं नाही. माणसं त्याच्या आधारावर लग्नं जुळवतात, भांडणं मिटवतात, भागीदारी करतात. पण त्या शहाणपणात एक मोठी उणीव असते. ते चुकलं तर चुकलं हे कळायची सोय त्यात नसते. ‘जास्त लाड केले म्हणून मुलगा बिघडला’ असं आपण म्हणतो आणि ‘प्रेम मिळालं नाही म्हणून मुलगा बिघडला’ असंही म्हणतो. दोन्ही विधानं घटना घडून गेल्यावर केलेली असतात, आणि घटना कशीही घडली तरी दोन्हींपैकी एक हाताशी असतंच.

मानसशास्त्राचं खरं देणं इथे आहे. माणसांविषयी आपण रोज जी विधानं करतो त्यांतलं कोणतं खरं मानायचं आणि कशाच्या आधारावर, हे तपासायची सवय हा विषय लावतो. सोळा-सतराव्या वर्षी ही सवय लागणं हे मला या विषयाच्या बाजूचं सर्वांत बळकट कारण वाटतं. पुढची नोकरी, स्वतःची ओळख, मनःशांती ही कारणं त्याच्या मागून येतात, आणि त्यांतली काही तर तपासून पाहिल्यावर फारशी टिकतही नाहीत. बालभारतीची सध्याची पाठ्यपुस्तकं अकरावीसाठी २०१९ साली आणि बारावीसाठी २०२० साली आली. ‘स्व’ची जाणीव, मेंदू आणि वर्तन, भावना, ताणतणाव, बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, स्मरण आणि विचार, मानसिक विकार असे विषय त्यांत आहेत. हे सगळे विषय घरात, रिक्षात, नाक्यावर बोलले जाणारेच आहेत. म्हणूनच त्यांच्याविषयी आधीपासून ठाम मत नसलेला विद्यार्थी सापडणं कठीण. रसायनशास्त्राच्या वर्गात मुलं कोरी येतात, मानसशास्त्राच्या वर्गात भरलेली येतात. या भरलेपणाचं काय करायचं, हा शिक्षकापुढचा पहिला प्रश्न असतो.

२. फलकावरची अठ्ठावीस छायाचित्रं

पुरावा तपासायच्या या सवयीतली पहिली कल्पना तुलनेची. निकालाच्या दिवसांत विरारच्या रस्त्यांवर शिकवणीवर्गांचे फलक लागतात आणि त्यांवर गुणवंत मुलांची छायाचित्रं असतात. समजा, एका वर्गाच्या फलकावर साठ टक्क्यांच्या वर गुण मिळवलेल्या २८ मुलांची छायाचित्रं आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, वर्ग चांगला असणार. आता आणखी तीन आकडे मिळवू. त्या वर्गाला एकूण किती मुलं होती? समजा ४०. त्याच शाळेतली किती मुलं कुठल्याच वर्गाला गेली नाहीत? समजा २०. आणि त्या वीसांपैकी साठ टक्क्यांच्या वर किती गेली? समजा १४. चाळीसातले अठ्ठावीस म्हणजे ७० टक्के, वीसातले चौदा म्हणजेही ७० टक्के. या उदाहरणात शिकवणीने गुण वाढले असं म्हणायला काहीच आधार उरत नाही. फलक खोटं बोलत नव्हता. त्यावर चारपैकी एकच आकडा होता, इतकंच.

हे एकदा समजलं की पुष्कळ गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. अमुक औषधाने बरे झालेले, अमुक नवसाने पास झालेले, अमुक व्रताने शांत झालेले लोक आपल्याला भेटतात. ते न करता बरे झालेले, पास झालेले, शांत झालेले लोक आपण मोजत नाही. आणि करूनही काही न झालेले लोक तर बोलायलाच येत नाहीत. मानसशास्त्राच्या पुस्तकात ज्याला नियंत्रित गट म्हणतात तो उपाय न केलेल्या माणसांचा गट. त्याच्याशिवाय कुठल्याही उपायाविषयी बोलायचं नाही, ही शिस्त अकरावीच्या पहिल्या सत्रातच अंगवळणी पडू शकते.

पण तुलना केली म्हणजे काम संपलं असं नाही. समजा, शिकवणीला गेलेल्यांपैकी ८० टक्के आणि न गेलेल्यांपैकी ५० टक्के मुलं साठच्या वर गेली. आता तरी शिकवणीचा गुण मानायचा का? अजूनही घाई नको. फी भरता येणाऱ्या घरातली, अभ्यासाला वेगळी खोली असलेली, मुळातच इच्छा असलेली मुलंच शिकवणीला जास्त जात असतील तर फरक त्यांच्यामुळेही पडला असेल. दोन गोष्टी सोबत दिसतात एवढ्यावरून एकीने दुसरी घडवली असं ठरत नाही. मग ठरवायचं कसं? गट मुलांच्या मर्जीवर किंवा पालकांच्या ऐपतीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून पाडायचे. चिठ्ठी श्रीमंत-गरीब, हुशार-साधारण पाहत नाही; पुरेशी मुलं असतील तर सगळ्या प्रकारची मुलं दोन्ही गटांत साधारण सारखी वाटली जातात, आणि नंतर जो फरक दिसेल तो उपायाचा म्हणता येतो. प्रयोग या शब्दामागची कल्पना एवढीच आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा थाटली आणि १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात हा विषय स्वतंत्र विभाग म्हणून उभा राहिला, तेव्हापासून उपकरणं पार बदलली. पण प्रश्न असा बांधायचा की उत्तर आपल्या मताविरुद्धही येऊ शकेल, हा आग्रह तोच आहे.

३. वाचलेलं आठवतं का?

या आग्रहाचा विद्यार्थ्याच्या रोजच्या जगण्याशी थेट संबंध कुठे येतो, हे पाहायला स्मरणाइतका चांगला विषय नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, ठरावीक वेळाने पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या खेपेला किती श्रम वाचले ते मोजून १८८५ साली प्रसिद्ध केलं. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि मग मंदावतो, हे त्यातून दिसलं. विस्मरणासारखी निसटती गोष्ट मोजता येते, हेच त्या काळात नवं होतं.

आता सव्वाशे वर्षं पुढे येऊ. २००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रं वाचला. दुसऱ्याने तीन सत्रं वाचला आणि चौथ्या सत्रात पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. तिसऱ्याने एकच सत्र वाचला आणि उरलेली तिन्ही सत्रं न पाहता लिहून काढण्यात घालवली. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, दुसऱ्या गटाला ७८ आणि तिसऱ्याला ७१. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा क्रम उलटा झाला. चारदा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं, दुसऱ्या गटाकडे ५६ आणि एकदाच वाचून तीनदा आठवणाऱ्यांकडे ६१. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आठवड्याने आपल्याला किती आठवेल, असा अंदाज सगळ्यांना आधी विचारला होता. सर्वांत जास्त खात्री होती ती चारदा वाचणाऱ्यांना.

म्हणजे वाचताना ‘आता हे पक्कं झालं’ असं जे आतून वाटतं, ते वाटणं भरवशाचं नाही. डोळ्यांना मजकूर ओळखीचा झाला की मनाला तो आल्यासारखा वाटतो; ओळखणं आणि आठवून सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. बारावीच्या वर्षी तेच गाईड चौथ्यांदा वाचणाऱ्या मुलाला आळशी म्हणणं चूक आहे. तो कष्ट करतो आहे, पण त्याला त्याच्याच मनाने चुकीची पावती दिली आहे. माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे : स्वतःविषयी आपल्याला जे वाटतं, तेही पुराव्याने तपासावं लागतं. इतिहास किंवा भूगोल हे शिकवू शकत नाहीत, कारण त्यांचा अभ्यासविषय वाचणाऱ्याच्या बाहेर असतो. इथे वाचणारा स्वतःच अभ्यासाचा नमुना आहे.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे : प्रत्यक्षात मानसशास्त्रसुद्धा पाठ करूनच पास होतात. लेखी परीक्षा ८० गुणांची, प्रकल्पाचे २०. व्याख्या, प्रकार, टिपा लिहा. वुंट यांचं साल पाठ, एबिंगहाउस यांचं साल पाठ, आणि विस्मरणाचं प्रकरण स्वतःच विस्मरणाच्या धोक्यात. ही परिस्थिती खरी आहे, पण तिच्यावरून विषय टाकाऊ ठरत नाही. विषय शिकवायची एक पद्धत टाकाऊ ठरते. या विषयाला प्रयोगशाळेची भिंत लागत नाही, गॅसची नळी लागत नाही, महागडी काचेची भांडी लागत नाहीत. कागद, पेन्सिल, घड्याळ आणि तयार असलेली तीस माणसं पुरतात. वीस शब्दांची यादी, चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट, एकाने तीनदा वाचायची आणि दुसऱ्याने एकदा वाचून दोनदा आठवायची, आठवड्याने दोघांची सरासरी काढायची. गावातल्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयात दोन तासिकांत बसणारा हा प्रयोग आहे. ज्याने तो एकदा केला त्याला प्रकरण पाठ करावं लागत नाही.

४. मापाची पारख

तुलना कळली, प्रयोग कळला. आता मोजमाप. मन मोजता येतं का, हा प्रश्न विचारणाऱ्याला सहसा ‘नाही’ हे उत्तर अपेक्षित असतं. पण त्याच घरात मुलाची बुद्धी, कल, व्यक्तिमत्त्व मोजून देणाऱ्यांना पैसे मोजून दिले जातात. म्हणून मापाची पारख करायच्या दोन कसोट्या समजून घेणं फार गरजेचं आहे. भाजीबाजारातला वजनकाटा घ्या. तीच जुडी तीनदा ठेवली आणि काट्याने तीन वेगळी वजनं दाखवली, तर तो काटा भरवशाचा नाही. दुसरा काटा दर वेळी तेच वजन दाखवतो, पण ते खऱ्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त असतं. हा काटा सातत्याने चूक आहे. पहिल्या काट्यात जो गुण नाही त्याला मानसशास्त्रात विश्वसनीयता म्हणतात, आणि दुसऱ्यात जो नाही त्याला सप्रमाणता. चाचणीत दोन्ही गुण लागतात. शिवाय मनाच्या बाबतीत तिसरीही गोष्ट लागते : आलेला आकडा कुणाशी ताडून पाहायचा, याची मानकं.

या तिसऱ्या गोष्टीसाठी मराठी मुलखाच्या सीमेवरचं एक उदाहरण फार उपयोगी आहे. आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासोबत १९०५ साली पॅरिसच्या शाळकरी मुलांसाठी बुद्धिमत्तेची चाचणी तयार केली. अभ्यासात जास्त मदत लागणारी मुलं शोधणं हा तिचा हेतू होता. ही चाचणी आपल्या मुलांना जशीच्या तशी कशी लावणार? फ्रान्समधल्या मुलाने रोज पाहिलेली वस्तू इथल्या मुलाने पाहिलेलीच नसेल, तर त्याची बुद्धी कमी ठरवायची का? तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात ही चाचणी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बांधली, इथल्या मुलांवर ती घेऊन कोणत्या वयाला कोणते प्रश्न जमतात ते ठरवलं, आणि १९४० साली त्यांचं भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. बिने-कामत कसोटी म्हणून ती देशभर वापरात राहिली. हिशोब सोपा होता : १० वर्षांच्या मुलाने १२ वर्षांच्या मुलांना साधारण जमणारे प्रश्न सोडवले तर १२ भागिले १० गुणिले १००, म्हणजे बुद्ध्यंक १२०.

ही पद्धत मोठ्यांना लावली की मोडते. चाळिशीतल्या माणसाचं मानसिक वय चाळीस म्हणजे नक्की काय? वय वाढतं तशी ही क्षमता सरळ रेषेत वाढत जात नाही. म्हणून आता त्याच वयाच्या माणसांच्या सरासरीला १०० मानून त्यापासून माणूस किती दूर आहे ते पाहतात. आणि मानकं जुनी झाली की कसोटी आकडा फुगवून दाखवते, कारण विसाव्या शतकात अनेक देशांत अशा चाचण्यांवरचे गुण दर दशकाला सुमारे तीन अंकांनी वाढत गेले. जेम्स फ्लिन यांनी हे ठळकपणे दाखवलं. कामतांच्या कामाचं मोल त्यामुळे कमी होत नाही. त्यांनी जे केलं ते दर पिढीत पुन्हा करावं लागतं, हा त्याचा अर्थ.

हे कळलेला विद्यार्थी स्वतःला मिळालेल्या कागदांकडे नीट पाहू शकतो. राज्य मंडळाने २०१६ साली दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली होती. तिचा अहवाल हातात आला की ‘माझ्या मुलीला कला क्षेत्र जमणार असं आलंय’ असं पालक म्हणत. पण कल म्हणजे आवड. आवड आणि क्षमता ही दोन वेगळी मापं आहेत. आवडतं ते जमेलच असं नाही, आणि जमतं ते आवडेलच असंही नाही. याहून गंभीर प्रकार बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्यांचा. ठसे जन्मभर तेच राहतात, त्यामुळे हा काटा तेच वजन दाखवत राहील. पण त्या वजनाचा बुद्धीशी संबंध आहे याला वैज्ञानिक आधार नाही. ‘मी पाहून शिकणारा, तू ऐकून शिकणारा’ ही शिक्षकांनाही पटलेली विभागणी तशीच. मुलांना त्यांच्या ‘प्रकारा’नुसार शिकवल्याने त्यांना जास्त येतं का, याचे पुरावे २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तपासले आणि ते पुरेसे नाहीत असा निष्कर्ष काढला.

५. पुस्तकातली माणसं कुठली?

इथे एक कडक आक्षेप घेता येतो. पुराव्याचा एवढा आग्रह धरता, मग मानसशास्त्राच्या पुराव्याचं काय? पुस्तकातले प्रयोग अमेरिकेतल्या, युरोपातल्या कॉलेजच्या मुलांवर केलेले. ते नंदाखालच्या मुलीला का लागू व्हावेत? हा आक्षेप मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच मांडलेला आहे. अमेरिकेतल्या प्रमुख नियतकालिकांमधल्या संशोधनात भाग घेतलेल्यांपैकी ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली यावर सविस्तर लिहिलं आणि साध्या दृष्टिभ्रमाचा परिणामसुद्धा सगळ्या समाजांत सारखा नसतो, हे दाखवून दिलं. दुसरा धक्का २०१५चा. शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत ठोस निकाल होता, पुन्हा केलेल्यांत तो फक्त ३६ टक्क्यांत आला.

वॉल्टर मिशेल यांच्या गोळीच्या प्रयोगाची गोष्ट तर पालकसभांतही सांगतात : थोडं थांबलं तर जास्त मिळेल असं सांगून समोर ठेवलेली गोळी खाण्यापासून जे मूल स्वतःला रोखू शकलं, ते पुढे यशस्वी झालं. टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली नऊशेहून जास्त मुलांची माहिती तपासली. संबंध निघाला, पण मूळच्या निम्मा. आणि घरची परिस्थिती, पालकांचं शिक्षण हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गळाला. उद्या गोळी मिळेल याची खात्री नसलेल्या घरातलं मूल आजच ती खातं, तर त्याला संयमाचा अभाव म्हणायचं की शहाणपण?

काही जणांना वाटतं, हे सगळं अकरावीच्या मुलांना सांगू नये, त्यांचा विषयावरचा विश्वास उडेल. मला याच्या उलट वाटतं. आपल्याच शंभर अभ्यासांची उलटतपासणी करून लाजिरवाणा आकडा छापणारी विद्या विश्वासाला पात्र असते. ठसे पाहणाऱ्यांनी असं कधी केलं आहे? आणि पुस्तकातली माणसं दूरची आहेत यावरचा उपाय पुस्तक मिटणं हा नाही, जवळची माणसं अभ्यासणं हा आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२च्या पुस्तकात दाखवलं की परक्या संस्कृतीतली लोककथा इंग्रज वाचकांनी पुन्हा सांगितली तेव्हा ती लहान झाली, अनोळखी तपशील गळले किंवा ओळखीच्या वस्तूंमध्ये बदलले. आठवणं म्हणजे कपाटातून काढणं नव्हे, दर वेळी नव्याने रचणं, असं त्यांनी यावरून म्हटलं. आता हाच प्रयोग नंदाखालमध्ये करा. एकच गोष्ट अर्ध्या मुलांना कादोडीत ऐकवा आणि अर्ध्यांना प्रमाण मराठीत. आठवड्याने सगळ्यांनी ती प्रमाण मराठीत लिहायची. घरच्या बोलीत ऐकलेल्या गोष्टीतले तपशील जास्त टिकतात का? की भाषा बदलून लिहिताना गळतात? उत्तर कोणत्याही परदेशी पुस्तकात छापलेलं नाही, आणि ते शोधायला लागणारे लोक ओटीवर बसलेले आहेत.

मराठीतून हे शिकणाऱ्या मुलांना न्यूनगंड असतो की खरं मानसशास्त्र इंग्रजीतच आहे. पुढच्या शिक्षणासाठी इंग्रजी लागेल हे खरंच आहे. पण माणसांविषयीचा प्रश्न माणसांच्या भाषेतच नीट विचारता येतो, आणि या गावाला मराठी परकी नाही. ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक आणि उस्मानाबादला २०२० साली भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथलेच.

६. नावं चिकटवण्याची भीती

बारावीत मानसिक विकारांचं प्रकरण आलं की वर्गात दोन गोष्टी घडतात. निम्म्यांना वाटतं हे सगळं मलाच झालंय, आणि उरलेले मित्रांना, मामाला, शेजाऱ्याला विकारांची नावं वाटू लागतात. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांमध्येही हे नेहमी दिसतं. पालकांची भीती त्यामुळे निराधार नाही. पण तिच्यावरचा उपाय कमी शिकवणं नसून पुरतं शिकवणं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत धडधडणं हा विकार नव्हे. विकार ठरवताना तीन गोष्टी पाहतात : त्रास किती आहे, तो किती काळ टिकला आहे आणि रोजची कामं त्याच्यामुळे अडतात का. नैराश्याच्या निदानासाठी किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, लक्षणं असावी लागतात, तीही एकाहून जास्त. आणि निदान तज्ज्ञच करतो. विद्यार्थ्याला येतो तो एवढाच अंदाज की आता मदत घ्यायला हवी. हा अंदाजही लहान नाही. बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. उपचारांची गरज असूनही ते न मिळणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक विकारांत ७० टक्क्यांच्या वर होतं. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं. पाठ्यपुस्तकातल्या दहा व्याख्यांपेक्षा हा क्रमांक पाठ असणं मला जास्त गरजेचं वाटतं.

उलट बाजूचीही एक अपेक्षा असते : मानसशास्त्र शिकलं की मुलांचं मानसिक आरोग्य आपोआप सुधारेल. ही अपेक्षाही तपासू. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर मोठी चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून काही शाळांत सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे दिले, इतरांत नेहमीचंच चालू ठेवलं. २०२२ साली निकाल आले : धड्यांमुळे मुलांचं मानसिक आरोग्य नेहमीच्या शाळांपेक्षा सुधारलं नाही. वर्गातला धडा हा उपचार नव्हे. मानसशास्त्र हा विषय ज्ञान म्हणून शिकवावा आणि ज्याला त्रास आहे त्याला माणूस मिळावा. एकाच्या जागी दुसरं ठेवून दोन्हींचं नुकसान होतं.

प्रकल्पांनाही एक मर्यादा आहे. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून नाव न लिहिताही ‘चाळीस वर्षांची, नवरा बोटीवर असलेली स्त्री’ कोण ते कळतं. अशा माहितीचा प्रकल्प करू नये. स्मरण, लक्ष, दृष्टिभ्रम, सवयी यांवर भरपूर करण्यासारखं आहे. माणसाला आधी विचारायचं, मध्येच सोडायची मुभा द्यायची आणि शेवटी काय तपासलं ते सांगायचं.

७. पुढे कोणतं दार उघडतं?

आता नोकरीचा प्रश्न. इथे गोंधळ फार असतो, म्हणून तीन व्यवसाय वेगळे करू. मनोविकारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असतो : एमबीबीएस आणि मग मनोविकारशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण. औषधं तोच लिहून देतो. ज्याला हे व्हायचं आहे त्याने अकरावीत विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र सोडून मानसशास्त्रासाठी कला शाखा घेतली तर वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेचा सरळ रस्ता बंद होतो. ही चूक निस्तरायला वर्षं जातात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतो आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण पूर्ण करून नोंदणी करतो. १९९२चा पुनर्वास परिषदेचा आणि २०१७चा मानसिक आरोग्यसेवेचा, असे दोन कायदे त्यामागे आहेत. शाळा-कॉलेजातल्या समुपदेशकाचा रस्ता याहून वेगळा, पण पदव्युत्तर शिक्षण तिथेही सहसा लागतं. बारावीत मानसशास्त्राला नव्वद गुण मिळाले म्हणून कुणी सल्ला द्यायला पात्र होत नाही. बी.ए.नंतरही नाही.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : पदवीला मानसशास्त्र घेण्यासाठी बारावीत तो विषय असणं बहुतेक ठिकाणी बंधनकारक नसतं. म्हणजे निव्वळ करिअरसाठी अकरावीत तो घ्यायलाच हवा, हे म्हणणं लंगडं आहे. म्हणून मी नोकरीचं कारण शेवटी ठेवलं. पुढे मानसशास्त्रज्ञ होणारी मुलं वर्गात थोडीच असणार. बाकीची बँकेत, शाळेत, वाडीत, जहाजावर, दुकानात जाणार, मुलं वाढवणार, मतदान करणार, म्हाताऱ्या आई-वडिलांच्या आजारपणात निर्णय घेणार. तुलनेचा गट विचारायची सवय त्यांनाही तितकीच लागणार आहे. ज्यांना पुढे जायचंच आहे त्यांना जवळच मुंबई विद्यापीठाचा १९५९ साली सुरू झालेला उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे. घरी बसून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राची पदवी घेण्याचा विचार असेल तर सावध राहावं, कारण २०२५च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने असे नवे प्रवेश थांबवायला सांगितलं आहे.

अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात. कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याआधी वसई-विरार पट्ट्यातल्या कोणत्या कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र आहे आणि कोणत्या माध्यमात, ते नीट पाहावं, कारण कला शाखा आहे म्हणून हा विषय असेलच असं नाही. त्यासाठी शिक्षक आहे का, हेही विचारावं. आणि प्रकल्प वहीत उतरवून घेतात की मुलांकडून खरोखर करवून घेतात, हे त्याच कॉलेजातल्या बारावीच्या मुलांना विचारलं की दोन मिनिटांत कळतं.